पेलेट स्टोव्हचा पाइप कधी झाडायचा? दिवाळीत नव्हे, चैत्रात



आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं आता अमेरिकेच्या ईशान्य भागात आहेत. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, कनेक्टिकट ही नावं आता आपल्याला सांगली-कोल्हापूरइतकी सवयीची झाली आहेत. नातवंडांसाठी आपण तिकडे जातो, सहा सहा महिने राहतो. तिथल्या बऱ्याच घरांत थंडीसाठी पेलेट स्टोव्ह असतो. माझ्या लेकीकडेही आहे, वुस्टर शहराच्या पुढे. दोन हिवाळे मी त्या स्टोव्हसमोर बसून स्वाध्याय केला आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहायला बसले.

मत आधी सांगते, कारणं मागून. या स्टोव्हच्या धुराच्या पाइपाची मोठी सफाई लोक थंडी सुरू होताना, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास करतात. ती थंडी संपताच करावी. महावीर जयंती ते अक्षय तृतीया हा तिचा काळ. दिवाळीला फक्त तपासणी करावी. आणि हे काम ‘सर्व्हिसवाल्याचं’ किंवा ‘जावयांचं’ समजून घरातल्या बाईने त्याकडे पाठ फिरवू नये. स्वयंपाकघरातली चूल जशी आपली, तसा हा स्टोव्हही आपलाच.

ज्यांनी हा स्टोव्ह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या लहानपणी भुशाची शेगडी असायची. मध्ये बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायची. पेलेट म्हणजे तोच भुसा. कारखान्यात वाळवून, उष्णता आणि दाब देऊन त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या पाडतात. जाडी साधारण सहा मिलिमीटर. वरून गोंद लागत नाही, लाकडातलाच चिकट अंश तापून तो भुसा धरून ठेवतो. स्टोव्हच्या पाठीमागे टाकी असते, तिच्यातून विजेवर फिरणारा एक स्क्रू त्या कांड्या थोड्या थोड्या जळणाच्या भांड्यात टाकतो. घरगुती वापराचे असे स्टोव्ह १९८० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून पुढे आले.

आता पाइपाकडे येऊ. आपल्या बंबाचा धूर नळकांड्यातून आपोआप वर जायचा, कारण तापलेली हवा वर जाते. पेलेट स्टोव्हचं तसं नाही. त्यात धूर बाहेर ढकलायला वेगळा पंखा असतो आणि पाइप फक्त तीन किंवा चार इंचांचा असतो. बहुतेक घरांत तो भिंतीतून आडवा बाहेर काढलेला असतो. म्हणजे पाइपातला धूर दाबाखाली असतो. पाइप तुंबला किंवा सांधा सैल झाला, तर तो धूर फटीतून घरात येतो. बंबाचं नळकांडं तुंबलं तर डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा, आपण दार उघडायचो. इथे जळण इतकं स्वच्छ असतं की धूर डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. थंडीत माणसाला वाटतं सर्दी-ताप आहे, आणि तो पांघरूण ओढून झोपतो.

मी बी.कॉम. आहे, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पेलेटची पिशवी चाळीस पौंडांची, म्हणजे अठरा किलोची. पन्नास पिशव्यांचा तिकडचा एक टन. चांगल्या प्रतीच्या पेलेटमध्ये राख एक टक्क्याच्या आत असते. म्हणजे एका टनामागे जास्तीत जास्त नऊ किलो राख. ऐकायला थोडी वाटते. पण लेकीच्या घरी हंगामात तीन टन लागतात. सत्तावीस किलोंपर्यंतची ही राख जाते कुठे? बरीचशी खालच्या ट्रेमध्ये पडते, ती आपण काढतो. जी सगळ्यात हलकी, पिठीसारखी, ती पंख्याबरोबर उडते आणि पाइपाच्या आडव्या भागात, वळणावर बसते. उत्पादकांच्या पुस्तिकांत साधारण दर टनामागे किंवा वर्षातून एकदा तरी पाइप झाडा असं सांगितलेलं असतं. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानकही धुराडी आणि व्हेंट वर्षातून एकदा तरी तपासावेत असंच सांगतं.

म्हणून मी लेकीला एक साधी वही लावून दिली. पिशवी उघडली की एक रेघ. पन्नास रेघा झाल्या की वळणावरचं झाकण काढून राख काढायची आणि ब्रश फिरवायचा. जावई म्हणाले, “आई, मोबाइलवर आठवण लावू की.” मी म्हटलं, “लावा, पण तारीख लावून उपयोग नाही. पाइप तारखेने तुंबत नाही, जळणाने तुंबतो.” कडाक्याच्या जानेवारीत एका महिन्यात पन्नास पिशव्या जातात, मऊ मार्चमध्ये त्याच्या निम्म्या. हे वहीतच कळतं.

आता मुख्य प्रश्न, मोठी सफाई कधी? तिकडे रीत अशी की एप्रिलमध्ये स्टोव्ह बंद केला की तो तसाच ठेवायचा आणि ऑक्टोबरमध्ये माणूस बोलवायचा. मधले सहा महिने राख पाइपातच. उन्हाळ्यातली दमट हवा ती राख शोषून घेते, ओली राख पत्र्याला चिकटून बसते आणि पत्रा गंजतो. हा झाला व्यवहाराचा तोटा. कितीतरी पुस्तिकांत हंगाम संपताच सफाई करा असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. पण माझ्या दृष्टीने मोठा तोटा वेगळाच आहे.

एप्रिल-मे हा तिकडे पक्ष्यांचा घरटी बांधण्याचा काळ. गांधीलमाशीची राणीही त्याच सुमारास पोळ्याची जागा शोधत फिरते. भिंतीतून बाहेर आलेला, पावसापासून झाकलेला, निवांत पाइप त्यांना आयता मिळतो. आमच्या ओळखीच्या एका घरी ऑक्टोबरमध्ये पहिल्या थंडीला स्टोव्ह पेटवला, तर आग लागेना, काच काळी झाली आणि खोलीत जळका वास भरला. बाहेरची टोपी काढली तेव्हा आत पोळं. अर्ध्याहून अधिक माश्या होरपळून पडलेल्या. त्या घरातली सून दोन दिवस जेवली नाही. तिच्याकडून झालं ते अजाणता, पण टाळता येण्यासारखं होतं की नाही?

आपल्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. बाहेर शून्याखाली पंधरा अंश असताना घर तापवणं ही आरंभी हिंसा. अग्निकाय, वायुकाय जीवांची विराधना त्यात होते, आणि संसारी माणसाला ती पूर्ण टाळता येत नाही. ते मान्य करूनच आपण प्रतिक्रमणाला बसतो. पण तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला पहिलं स्थान दिलं आहे. जीव गेला एवढ्यावर ती व्याख्या थांबत नाही, बेसावधपणामुळे गेला का हे विचारते. आणि समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यात प्रमादचर्या आहेच. पाइप सहा महिने उघडा टाकून नंतर त्यात आग सोडणं हे आरंभी हिंसेच्या खात्यावर टाकता येत नाही. ते प्रमादाच्या खात्यावर जातं. खातं चुकीचं धरलं की ताळेबंद जुळत नाही, मग तो पैशाचा असो की पापपुण्याचा.

आमच्या विहीणबाईंचं मत निराळं होतं. त्या फार श्रद्धाळू, चातुर्मासात हिरवी भाजीही खात नाहीत. त्या म्हणाल्या, “ताई, पाइपाच्या वाटेला जायचंच कशाला? ब्रश घातला तर आतले जीव मरतील. आहे तसं राहू द्यावं.” मी त्यांच्या भावनेचा मान ठेवते. पण त्यांना विचारलं, “विहीणबाई, राहू द्यायचं ते कुठवर? कार्तिकात आपणच बटण दाबणार ना?” ब्रश तेव्हाच घालावा जेव्हा आत जीव नसतात. शेवटची आग विझून स्टोव्ह थंड झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाइपात कुणी राहायला आलेलं नसतं. तोच सफाईचा मुहूर्त. थांबलात तर मग झाडलं तरी हिंसा, पेटवलं तरी हिंसा. विहीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “हे मात्र खरं.” त्यांनी पुढे त्यांच्या न्यू जर्सीच्या मुलालाही फोन करून सांगितलं.

सफाई झाली की बाहेरचं तोंड बंद करायचं. पातळ सुती कापड दुहेरी करून बांधलं तरी पुरतं. प्लास्टिक नको, आत दमटपणा कोंडतो. बाहेरून हवा आत घेणारा वेगळा पाइप असेल तर त्यालाही तसंच. आणि हे विसरू नका: कापड बांधलं त्याच क्षणी स्टोव्हची वायर भिंतीतून काढायची आणि प्लगला चिठ्ठी बांधायची, ‘पाइप बंद आहे, पेटवू नका’. घरात पाहुणे येतात, मुलं बटणं दाबतात. तोंड बंद असताना स्टोव्ह पेटला तर जीव वाचवायला गेलो आणि जीव घेऊन बसलो असं होईल. काही जण बारीक जाळी कायमची लावतात. थंडीत ती ठेवू नये, उडत्या राखेने ती आठवड्याभरात लिंपून जाते.

माणसाच्या जिवाचंही बोलायला हवं. २००५ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समध्ये मोठं हिमवादळ झालं. प्लिमथ गावातल्या एका घराच्या हीटिंगचा व्हेंट बाहेर साचलेल्या बर्फाने बुजला, कार्बन मोनॉक्साइड घरात पसरला आणि सात वर्षांची मुलगी गेली. त्याच वर्षी त्या राज्यात तिच्या नावाने कायदा झाला, ‘निकोल्स लॉ’, आणि घरांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सक्तीचे झाले. त्या घरात पेलेट स्टोव्ह नव्हता, पण भिंतीतून आडवा निघालेला पाइप कुठल्याही यंत्राचा असो, बर्फाला सगळे सारखेच. म्हणून बर्फ पडला की वाट मोकळी करण्याआधी पाइपाचं तोंड मोकळं करायचं. अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ असायला हवा. मी जिथे राहायला जाते तिथे पहिल्या दिवशी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघते. पाहुणी म्हणून संकोच करत नाही.

प्रत्यक्ष काम काही अवघड नाही. मुनींच्या पाच समित्या आपण पाठ म्हणतो, त्यातल्या दोन इथे अगदी नेमक्या लागू पडतात. आदाननिक्षेपण समिती, म्हणजे वस्तू बघून उचलणं आणि बघून ठेवणं. स्टोव्ह बटणाने बंद केला की लगेच वायर काढायची नाही. त्याचा पंखा उरलेला धूर बाहेर टाकत असतो, तो आपणहून थांबू द्यायचा. मग वायर काढायची आणि पुष्कळ तास, शक्यतो रात्रभर, निवू द्यायचं. तोंडाला मास्क लावायचा. (स्थानकवासी मैत्रिणी म्हणतील, आमची मुहपत्ती काय वाईट!) खाली जुनं कापड पसरायचं. टॉर्च घेऊन आधी आत बघायचं, मगच ब्रश घालायचा. पाइपाच्या वळणावर खालच्या बाजूला झाकण असतं, त्याच्याखाली पिशवी धरून ते उघडायचं. पाइपाच्या मापाचाच ब्रश घ्यायचा आणि त्याच्या कांड्या स्क्रूने जोडलेल्या असतील तर उलट्या दिशेने फिरवायचा नाही, नाहीतर ब्रश आतच सुटतो. झाकण परत लावताना त्याची सीलची पट्टी नीट बसली का बघायचं. पुढे पहिल्यांदा पेटवाल तेव्हा खोलीतले दिवे मालवून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक सांधा बघा. धुराची रेघ दिसली किंवा सांध्यापाशी करडा डाग उमटला, तर स्टोव्ह बंद करून माणूस बोलवा. पाइप छपरावर जात असेल तर शिडी चढायची नाही. आपलं वय आपल्याला माहीत आहे.

दुसरी प्रतिष्ठापन समिती, म्हणजे टाकाऊ वस्तू जीवजंतू बघून, योग्य जागी टाकणं. राख निवल्यासारखी दिसते पण पोटात निखारा दिवसेंदिवस राहतो. ती घट्ट झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून, बादली घरापासून लांब, दगडावर किंवा सिमेंटवर ठेवायची. कागदी पिशवीत नाही, लाकडी ओट्यावर नाही, मुंग्यांच्या वारुळाशेजारच्या मातीत तर नाहीच. घरातल्या साध्या व्हॅक्यूमने राख ओढू नका. निखारा आत गेला तर तो पेटतो, आणि नाही पेटला तरी पिठी राख मागून घरभर फवारतो. राखेसाठी वेगळा व्हॅक्यूम मिळतो.

काही जण पानं उडवायचं यंत्र पाइपाला लावून पाच मिनिटांत राख उडवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. चिकटलेली काजळी त्याने निघत नाही, ती ब्रशनेच निघते. आणि राखेचा ढग जातो शेजाऱ्याच्या अंगणात, झाडांवर, त्यावरच्या किड्यांवर. आपला कचरा दुसऱ्यावर उडवणं याला मी सफाई म्हणत नाही.

सर्व्हिसवाल्यांबद्दलही थोडं. लेकीकडे एका वर्षी एक जण आला. काच लख्ख पुसली, ट्रे रिकामा केला, पाऊण तासात दोन-तीन महिन्यांच्या किराण्याएवढे पैसे घेतले. मी वळणाचं झाकण बोटाने दाखवून विचारलं, “हे उघडलंत का?” तर उघडलं नव्हतं. उघडायला लावलं, तेव्हा तांब्याभर राख निघाली. सगळेच असे नसतात. पंख्याचं घर उघडणं, सील बदलणं ही कामं जाणत्या माणसाचीच, त्याला बोलवायलाच हवं. पण काय करायचं आहे हे आपल्याला माहीत असेल तरच दुसऱ्याने केलं की नाही हे कळतं. ऑडिट करणाऱ्याला हिशेब यावा लागतो.

स्टोव्ह आपणहून खुणाही देतो. ज्योत चपळ, उजळ असायची ती आळसावलेली, नारिंगी, लांब जिभेची झाली, काच एका दिवसात काळी पडली, भांड्यात अर्धवट जळलेल्या कांड्या साचल्या, तर हवा अडते आहे असं समजा. आणि दिवसभर अगदी मंद आचेवर ठेवण्यापेक्षा काही तास नीट पेटवून बंद करावा. मंद आगीत काजळी जास्त धरते. अंगात एक स्वेटर जास्त घातला तर पिशव्याही कमी लागतात. अपरिग्रहाची सुरुवात थर्मोस्टॅटपासूनही होऊ शकते.

तुम्ही म्हणाल, आम्ही सांगलीत, इचलकरंजीत, सोलापुरात बसलो आहोत, आम्हाला काय त्याचं? बाथरूममधला गॅस गिझर बघा. दरवर्षी थंडीत आपल्या वर्तमानपत्रांत बंद बाथरूममध्ये गुदमरून गेल्याची बातमी येते. वायू तोच, कारणही तेच: जळणाला हवा नाही आणि धुराला वाट नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवावा, झरोका कागदाने बुजवू नये, आणि झरोक्यात कबुतर घरटं करायला लागलं तर अंडी घालायच्या आधीच जाळी लावावी. अंडी घातल्यावर काढायचं म्हटलं तर हात थरथरतो, आणि थरथरलाच पाहिजे.

तेव्हा घरातल्या दिनदर्शिकेवर दोन खुणा करा. चैत्रात महावीर जयंतीपाशी ‘पाइप झाडणे’. आश्विन अमावास्येला, निर्वाण लाडू चढवून घरी आलात की ‘पाइप बघणे’: कापड सोडायचं, आत टॉर्च मारायचा, कुणी नाही ना याची खात्री करायची, मग चिठ्ठी काढून प्लग लावायचा. मधला चातुर्मास पाइपालाही विश्रांती आणि जीवांनाही अभय. हा लेख मुलांना पाठवा. त्यांना मराठी वाचायचा कंटाळा असेल तर फोनवर वाचून दाखवा.

जय जिनेंद्र.